चेउंग चाऊची बोट आणि अंभोऱ्याचा डोंगा: सणाच्या दिवशी पाण्यावरची गर्दी कोण सांभाळतं?

एप्रिल-मे महिना आला की सोशल मीडियावर एक रील हमखास फिरायला लागतं. मध्यरात्रीची वेळ, पावांनी मढवलेला उंचच उंच मनोरा, त्यावर माकडासारखी सरसर चढणारी तरुण मुलं-मुली आणि खाली हजारो लोकांचा जल्लोष. हा प्रकार आहे हाँगकाँगजवळच्या चेउंग चाऊ नावाच्या छोट्याशा बेटावरचा. लोक सकाळी बोटीने बेटावर जातात, सण बघतात आणि बोटीनेच परत येतात. एक दिवसाची सहल.

नागपूरला समुद्र नाही, त्यामुळे या गोष्टीशी आपला काय संबंध, असं वाटू शकतं. पण थोडा विचार करा. रामटेकला गडावर दर्शन घ्यायचं आणि येताना खिंडसीत बोटीत बसायचं, हा नागपूरकरांचा ठरलेला कार्यक्रम आहे. महाशिवरात्रीला कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला जायचं, चैतन्येश्वराचं दर्शन घ्यायचं आणि वैनगंगेच्या अफाट पाण्यावर एक चक्कर मारायची, हाही तसाच. सण, पाणी, बोट आणि एक दिवसाची सुट्टी. हे चारही मुद्दे इथेही आहेत.

फरक कुठे आहे? पाण्यावरच्या गर्दीची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न हाँगकाँगने बऱ्याच अंशी सोडवलाय. तोही सहज नाही, तर माणसं गमावल्यानंतर. विदर्भातही माणसं गेली आहेत. प्रश्न मात्र अजून तिथेच आहे. हे प्रकरण नेमकं काय आहे, तेच समजून घेऊया.

चेउंग चाऊचा हा सण नेमका काय आहे?

चेउंग चाऊ हे जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचं बेट. मुळात कोळ्यांची वस्ती. बेटावर खासगी गाड्या नाहीत, लोक चालतात किंवा सायकल वापरतात. हाँगकाँगच्या मुख्य धक्क्यावरून जलद बोटीने गेलं तर ३५ ते ४० मिनिटांत आणि साध्या बोटीने गेलं तर तासाभरात तिथे पोचता येतं.

चिनी पंचांगातल्या चौथ्या महिन्याच्या आठव्या तिथीच्या आसपास इथे 'बन फेस्टिव्हल' होतो. बन म्हणजे आपला पाव, पण वाफवलेला. त्यावर लाल रंगात दोन चिनी अक्षरांचा शिक्का असतो. त्याचा अर्थ 'सुखरूप राहा'. याच तिथीला चिनी परंपरेत गौतम बुद्धांचा जन्मदिवस मानला जातो आणि १९९९ पासून हाँगकाँगमध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. साहजिकच सगळं शहर बेटाकडे निघतं.

सणाची गोष्ट अशी सांगतात. चिंग राजवटीच्या उत्तरार्धात बेटावर रोगाची साथ आली. लोकांनी पाक ताई या देवाची मूर्ती गल्लीबोळांतून फिरवली, दुष्ट आत्म्यांना हाकललं आणि साथ गेली. तेव्हापासून दरवर्षी हा उत्सव होतो. उत्सवाच्या काळात बेटावर मांसाहार बंद असतो. इतका, की तिथलं मॅकडोनाल्ड्सही त्या दिवसांत शाकाहारी बर्गर विकतं. २०११ मध्ये चीनने या उत्सवाचा समावेश देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

यात नागपूरला ओळखीचं काय आहे?

रोगराईला गावाबाहेर हाकलण्यासाठी निघणारी मिरवणूक म्हटलं की नागपूरकराच्या डोळ्यांसमोर लगेच मारबत येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत इतवारी-महालच्या रस्त्यांवरून निघतात. १८८० च्या दशकापासून ही परंपरा सुरू आहे. रोगराई आणि संकटं सोबत घेऊन जा, अशी हाक लोक मारबतीला देतात आणि शेवटी तिचं दहन होतं.

साम्य इथेच संपत नाही. मारबतीसोबत बडगे निघतात. महागाई, भ्रष्टाचार, एखादा वादात सापडलेला नेता, सगळ्यांवर बडग्यांतून टोमणे मारले जातात. चेउंग चाऊच्या मिरवणुकीतही लहान मुलांना वेगवेगळी सोंगं देऊन लपवलेल्या लोखंडी आधारावर असं उभं करतात, की ती हवेत तरंगतायत असं वाटावं. त्यातली काही सोंगं देवादिकांची असतात, तर काही थेट चालू राजकारणावरची.

पंचांगाचंही तसंच. चिनी पंचांग आपल्यासारखंच चंद्राच्या गतीवर चालतं आणि सूर्याशी मेळ घालण्यासाठी त्यातही अधिक महिना येतो. त्यामुळे दोन्हीकडचे सण कधी कधी एकाच दिवशी येतात. २०२४ मध्ये १७ सप्टेंबरला नागपुरात अनंत चतुर्दशीचं विसर्जन सुरू होतं, त्याच दिवशी हाँगकाँगमध्ये शरद पौर्णिमेचा चिनी उत्सव होता. २०२५ मध्ये हाच उत्सव आणि आपली कोजागरी दोन्ही ६ ऑक्टोबरला आले.

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे मच्छीमार तिन हाऊ या समुद्रदेवीचा उत्सव करतात आणि त्या दिवशी बोटी सजवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणजे श्रद्धा, हौस आणि गर्दी यांत फार फरक नाही. 'आपले लोक शिस्त पाळत नाहीत' हे वाक्य अशा वेळी फार पटकन तोंडात येतं. पण हाँगकाँगचे लोकही एकेकाळी शिस्त पाळत नव्हते.

१९७८ मध्ये काय झालं होतं?

पूर्वी या सणात पावांचे मनोरे बांबूचे असायचे. मध्यरात्री इशारा झाला की शेकडो तरुण एकदम मनोऱ्यावर तुटून पडायचे. जितका वरचा पाव, तितकं नशीब थोर. ना दोर, ना प्रशिक्षण, ना संख्येवर मर्यादा.

१९७८ मध्ये यातला एक मनोरा कोसळला. २० हून अधिक लोक जखमी झाले. सरकारने मनोऱ्यावर चढण्यावर बंदी घातली. ती बंदी पुढची जवळपास २६ वर्षं टिकली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यालाही पाठ आहे. अपघात झाला की बंदी. पण २००५ मध्ये हाँगकाँगने हा प्रकार पुन्हा सुरू केला आणि तो सुरू करताना बरंच काही बदललं. बांबूच्या जागी पोलादी सांगाडा आला. आधी निवड फेरी, मग प्रशिक्षण आणि अंतिम फेरीत फक्त मोजके स्पर्धक. प्रत्येकाच्या कमरेला सुरक्षा दोर. वेळ तीन मिनिटं. २००७ पासून स्पर्धेच्या मनोऱ्यावर खरे पाव जाऊन प्लॅस्टिकचे आले, कारण पावसात खरे पाव भिजून निसरडे होतात.

सण तोच, थरार तोच. बदललं एवढंच की कोण चढणार, किती जण चढणार आणि पडला तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी ठरलेली असतात.

आणि बोटीचं काय?

हीच पद्धत बोटींच्या बाबतीतही दिसते. बेटावर जाणाऱ्या बोटी परवानाधारक कंपन्या चालवतात. वेळापत्रक जाहीर असतं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तिकीट महाग असतं. सणाच्या दिवशी जादा फेऱ्या सोडल्या जातात, मध्यरात्रीनंतर परतणाऱ्यांचीही सोय होते. धक्क्यावर रांग लागते, फाटकातून माणसं मोजून आत सोडली जातात आणि बोट भरली की उरलेल्यांना पुढच्या फेरीची वाट बघावी लागते.

यात मोठं तंत्रज्ञान काही नाही. बोटीत किती माणसं बसणार हे नावाडी ठरवत नाही आणि प्रवासीही ठरवत नाही. ते आधीच ठरलेलं असतं.

पण म्हणून हाँगकाँगमध्ये सगळं सुरळीत होतं का? नाही.

१ ऑक्टोबर २०१२. शरद पौर्णिमेच्या उत्सवाचा दुसरा दिवस आणि चीनचा राष्ट्रीय दिन. लामा बेटावरच्या वीज प्रकल्पाच्या कंपनीने कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांना आतषबाजी दाखवायला स्वतःच्या बोटीने नेलं होतं. रात्री सव्वाआठच्या सुमारास या बोटीची एका प्रवासी बोटीशी टक्कर झाली. सुमारे सव्वाशे लोकांना घेऊन निघालेल्या या बोटीचा मागचा भाग काही मिनिटांत पाण्याखाली गेला. ३९ जणांचा मृत्यू झाला, त्यात आठ मुलं होती.

त्यानंतर न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने जे शोधलं ते जास्त धक्कादायक होतं. बोटीच्या तळातल्या दोन कप्प्यांच्या मधे पाणी अडवणारा दरवाजा असायला हवा होता. तो बसवलेलाच नव्हता. बोट पाण्यात उतरून कित्येक वर्षं झाली होती, दरवर्षी तपासणी होत होती, पण हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बोटीवर लहान मुलांच्या मापाची लाईफ जॅकेट नव्हती. आसनं तळाला नीट बसवलेली नसल्याने टक्कर होताच निखळली.

२०१५ मध्ये दोन्ही बोटींच्या चालकांना शिक्षा झाली. पण आयोगाचं बोट फक्त चालकांकडे नव्हतं. तपासणी करणारं सरकारी खातंही त्याच्या कचाट्यात सापडलं आणि त्यानंतर प्रवासी बोटींचे नियम कडक झाले. थोडक्यात, नुसता परवाना असून भागत नाही. परवाना देणाऱ्याने बोटीत उतरून पाहावं लागतं, हा धडा हाँगकाँगने ३९ जीव देऊन घेतला.

विदर्भात काय झालं?

आता आपल्याकडे येऊया.

९ जुलै २०१७, रविवार. नागपूरजवळच्या वेणा जलाशयावर काही तरुण सहलीला गेले होते. ते बोटीत बसले, मोबाईलवर फेसबुक लाईव्ह सुरू केलं. पाण्याच्या मध्यावर बोट उलटली. आठ जणांचा बुडून मृत्यू झाला. बोट मासेमारीची होती. लाईफ जॅकेट नव्हती. हसत-खेळत चाललेला तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी देशभर पोचला.

१४ सप्टेंबर २०२१. अमरावती जिल्ह्यातलं वरुड तालुक्यातलं झुंज. दशक्रियेच्या निमित्ताने जमलेले नातेवाईक वर्धा नदीतून डोंग्याने निघाले होते. डोंगा उलटला आणि ११ जणांचा जीव गेला.

२३ जानेवारी २०२४. गडचिरोली जिल्ह्यातला चामोर्शी तालुका. मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे निघालेल्या महिला मजुरांचा डोंगा उलटला. सहा महिला बुडाल्या.

तीन घटना, तीन कारणं. एक सहल, एक धार्मिक विधी, एक रोजची मजुरी. साम्य एवढंच की तिन्ही ठिकाणी लोक अशा बोटीत बसले, जिथे त्यांना सांभाळण्याची सोयच नव्हती.

ही फक्त विदर्भाची गोष्ट नाही. मे २०२३ मध्ये केरळच्या तानूरला पर्यटकांची बोट बुडून २२ जण गेले. ती मुळात मासेमारीची बोट होती आणि बदल करून पर्यटनासाठी वापरली जात होती. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त जण होते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर लाईफ जॅकेट सक्तीची झाली. त्याआधीही ती बोटीत असायची. फरक इतकाच की आता ती अंगात घालावी लागतात.

बोट उलटते कशी?

बहुतेक वेळा वादळ नसतं. लाट नसते. पाणी शांत असतं. मग बोट उलटते कशी?

छोट्या बोटीची कड आणि पाणी यांच्यात काही इंचांचंच अंतर असतं. प्रत्येक जादा माणसागणिक ते कमी होतं. माणसं खाली बसलेली असतात तोवर वजन तळाशी राहतं आणि बोट तोल धरून असते. कोणी उभं राहिलं की वजन वर सरकतं. सगळे फोटोसाठी एका बाजूला आले की त्या बाजूची कड पाण्याला टेकते. एकदा पाणी आत आलं की ते खालच्या बाजूला धावतं, बोट आणखी कलते आणि पुढचा सगळा प्रकार काही सेकंदांत संपतो.

अशा वेळी पोहता येणाराही वाचेलच असं नाही. अंगावर कपडे आणि पायात बूट असतात, बुडणारा दुसरा माणूस गळ्यात मिठी मारतो. लाईफ जॅकेट तुम्हाला पोहायला शिकवत नाही. ते फक्त तोंड पाण्याच्या वर ठेवतं आणि मदत येईपर्यंतची वेळ मिळवून देतं.

म्हणून 'पाणी शांत आहे, काही होत नाही' हे वाक्य सगळ्यात धोकादायक आहे.

कायदा काय सांगतो?

कायदा नाही असं अजिबात नाही. नद्या, कालवे, तलाव यांतल्या बोटींसाठी १९१७ पासूनचा एक कायदा होता. त्याच्या जागी २०२१ मध्ये संसदेने नवा अंतर्देशीय जहाज कायदा केला. त्यानुसार इंजिनवर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, चालकाची पात्रता आणि विमा या गोष्टी आवश्यक आहेत. वल्ह्याने चालणाऱ्या बोटी आधी नियमांच्या कक्षेत जवळपास नव्हत्याच. नव्या कायद्यात त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण आहे आणि त्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी अशी तरतूद आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे वेणाच्या घटनेनंतर दोन महिन्यांनी, बोटींच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात क्षमतेचं पालन, लाईफ जॅकेट, चालकांचं प्रशिक्षण असे सगळे मुद्दे आहेत.

म्हणजे कागदावर बरंच काही आहे. मग अडतं कुठे?

एक जलाशय, सहा मालक

नागपूर जिल्ह्यातला कुठलाही मोठा जलाशय घ्या. धरण आणि पाणी जलसंपदा विभागाचं. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे. बोटीचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाचा विषय, ज्याचं मुख्य काम सातशेहून अधिक किलोमीटरच्या समुद्रकिनाऱ्यावर चालतं. काठावर दुकानं आणि गाड्या लावायची जागा ग्रामपंचायतीची. जत्रेचा बंदोबस्त पोलिसांचा. आणि पर्यटन वाढवायचं ते पर्यटन विभागाने.

आता सणाच्या दिवशी काठावर उभ्या असलेल्या डोंग्यात आठ जणांच्या जागी चौदा जण बसले, तर त्यांना उतरवायचं कोणी? जलसंपदाचा चौकीदार म्हणेल, माझं काम धरणाचं. पोलीस रस्त्यावरची गर्दी सांभाळतायत. परवान्याचं कार्यालय शेकडो किलोमीटर दूर. उरतो तो नावाडी.

आणि नावाड्याची बाजूही समजून घ्यायला हवी. या भागात पाण्यावर जगणारा ढिवर, भोई समाज मोठा आहे. मासेमारी बेभरवशाची. वर्षातून काही मोजकेच दिवस असे येतात, जेव्हा एका दिवसात चार पैसे मिळतात. पैसे माणसागणिक मिळतात, फेरीमागे नाही. समोर उभा असलेला गट म्हणतो, 'आम्ही सगळे एकत्रच बसणार.' अशा वेळी नाही म्हटलं तर पोटावर पाय येतो. सुरक्षिततेचा सगळा भार ज्याच्या खांद्यावर आहे, त्यालाच कमी माणसं बसवल्यावर नुकसान होतं. चूक त्याच्या स्वभावात नाही, हिशोबात आहे.

अंभोऱ्याचा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा?

वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम म्हणून अंभोरा ओळखलं जातं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. धरणात पाणी साठू लागलं तसा फुगवटा अंभोऱ्यापर्यंत आला आणि संगमाच्या जागी मोठं जलाशय दिसू लागलं. पूर्वी इथून भंडाऱ्याच्या बाजूला जायचं तर डोंगा हाच आधार होता. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीच्या नव्या केबल पुलाचं लोकार्पण झालं. पुलावर उंचावर प्रेक्षक दालन आहे. तेव्हापासून अंभोरा हे फक्त तीर्थक्षेत्र राहिलं नाही, रील बनवायचं ठिकाणही झालं.

म्हणजे नदी ओलांडायला डोंगा लागत होता, ती गरज पुलाने संपवली. पण पूल बघायला येणाऱ्यांनी बोटीची नवी गरज तयार केली. गोसीखुर्दच्या पाण्यावर जलपर्यटनाचा सरकारी प्रकल्पही हाती घेतलेला आहे. येत्या काळात इथे बोटी वाढणार हे उघड आहे.

नियम लावायची सगळ्यात सोपी वेळ हीच असते. बोटी कमी असतात, नावाडी एकमेकांना ओळखतात, धक्का नव्याने बांधायचा असतो. एकदा शंभर बोटी झाल्या आणि प्रत्येकीमागे एक पुढारी उभा राहिला, की मग नियम लावणं कठीण होतं.

मग बंदी घालावी का?

अपघातानंतर सगळ्यात आधी हाच आदेश निघतो. पावसाळ्यात राज्यात ठिकठिकाणी धरणं आणि धबधब्यांवर जमावबंदी लागते. काही ठिकाणी ती गरजेचीही असते. पण बंदीची एक अडचण आहे. जिथे देऊळ आहे, जत्रा आहे, पलीकडे शेत आहे, तिथे लोक जातातच. बंदीमुळे बोट थांबत नाही, ती फक्त पोलीस नसलेल्या काठावरून सुटते. हाँगकाँगला २६ वर्षांनी जे उमगलं ते हेच, की बंदी आणि मोकाट यांच्या मधे तिसरी वाट असते.

नागपूरला ही वाट माहीत नाही असं नाही. गणेश विसर्जनाचंच बघा. गेल्या काही वर्षांत महापालिकेने शहरातल्या तलावांत विसर्जन थांबवलं, पण नुसती बंदी घातली नाही. वस्त्यावस्त्यांत कृत्रिम टाक्या ठेवल्या. पर्याय मिळाला म्हणून बहुतेकांनी तो स्वीकारला. दुसरं उदाहरण दीक्षाभूमीचं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो अनुयायी येतात. विशेष गाड्या सुटतात, शहर बस धावतात, पाणी, जेवण, दवाखाना, रांग, सगळ्याची आखणी आधी होते. कोणत्या फाटकातून आत आणि कोणत्यातून बाहेर, हे ठरलेलं असतं.

जमिनीवरची लाखोंची गर्दी जे शहर सांभाळतं, त्याला पाण्यावरची काही शेकड्यांची गर्दी सांभाळता येणार नाही असं म्हणता येत नाही. पाण्यावर फक्त ते काम कोणाच्या नावावर लिहिलेलं नाही.

काय करता येईल?

यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार खर्चिक नाहीत.

पहिली, प्रत्येक जलाशयावर बोटी सुटण्याची एकच जागा आणि तिथे एकच जबाबदार माणूस. त्याचं नाव आणि खातं फलकावर लिहिलेलं. बोट सोडायची की थांबवायची, हा अधिकार त्याच्याकडे.

दुसरी, बोटीच्या कडेला रंगवलेली भाररेषा आणि ठळक आकडा: या बोटीत इतके जण. रेषा पाण्याखाली गेली की बोट सुटणार नाही. यासाठी वाचता येण्याचीही गरज नाही, रेषा सगळ्यांना दिसते.

तिसरी, लाईफ जॅकेट. लहान मुलांच्या मापाचीही. आणि ती काठावरच अंगात घालायची, बोटीत ढीग करून ठेवायची नाहीत.

चौथी, नावाड्याचा हिशोब बदलणं. जत्रेच्या दिवशी फेरीमागे ठरलेले पैसे मिळाले, तर जादा माणसं कोंबण्याचं कारणच उरत नाही. तिकीट संस्थेने काढावं, सुट्टीच्या दिवशी ते थोडं महाग ठेवावं आणि त्यातूनच जॅकेट आणि देखभालीचा खर्च भागवावा. हे काम मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनाच दिलं, तर पिढ्यान्‌पिढ्या पाणी ओळखणारी माणसं त्यातून बाहेर फेकली जाणार नाहीत.

पाचवी, तपासणी. वर्षातून एकदा कागदावर नाही, तर सणाच्या आदल्या दिवशी बोटीत उतरून. लामा बेटाच्या बोटीचा न बसवलेला दरवाजा कागदावर कधीच दिसला नव्हता.

आणि तुम्ही बोटीत बसणार असाल तर?

सरकार हे सगळं करेल तेव्हा करेल. तोवर काठावर उभं राहून चार गोष्टी बघणं आपल्या हातात आहे. बोटीवर क्षमतेचा आकडा लिहिलाय का? प्रत्येकासाठी जॅकेट आहे का, आणि सोबतच्या लेकराच्या मापाचं आहे का? बोट मासेमारीची आहे की प्रवाशांची? आणि सगळे बसल्यावर बोटीची कड पाण्यापासून किती वर आहे?

यातल्या एकाचंही उत्तर मनाला पटलं नाही, तर काठावरूनही पाणी छान दिसतं. गट मोठा असेल तर दोन फेऱ्या करा, चार पैसे जास्त जातील. बोटीत उभं राहून फोटो काढू नका. रील काढायचंच असेल तर बसूनही निघतं.

चेउंग चाऊच्या त्या पावावर 'सुखरूप राहा' असा शिक्का असतो. लोक तो पाव घरी नेतात, कारण तो शुभ मानला जातो. पण मनोऱ्यावर चढणाऱ्याच्या कमरेला दोरही असतो आणि बेटावरून परतणाऱ्यांना धक्क्यावर मोजूनच बोटीत घेतलं जातं. महाशिवरात्रीला अंभोऱ्याच्या काठावर हे मोजण्याचं काम कोण करणार, याचं उत्तर जत्रा भरण्याआधी मिळायला हवं.